आईचं कनस्तर

मागच्या हिवाळ्यात तुमच्यापैकी एकीने माझ्यासाठी परदेशातून काळी टूथपेस्ट आणली. कोळशाची आहे, दातांना फार चांगली असते, असं सांगून तिने ती माझ्या ब्रशवर काढूनही दिली. मी ब्रश हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. तुम्ही सगळे हसलात. आजीला काळ्या रंगाची भीती वाटते, असं कोणीतरी म्हणालं. मग तुमची नेहमीची चर्चा सुरू झाली. कोण दिवसभरात किती पाणी पितं, कोणाला गहू सोसत नाही, कोणाला रात्री दही खाल्लं की त्रास होतो. मला तुमच्या त्या गप्पा ऐकायला आवडतात. आमच्या मागच्या दारी रोज सकाळी हीच चर्चा चालायची. फरक एवढाच की तुम्ही ज्याला शंभर नावं देता, त्याला आमच्याकडे दोनच नावं होती: उष्ण आणि थंड.

ब्रशचं कारण मी तेव्हा सांगितलं नाही. ते क्रमाने सांगावं लागतं, म्हणून लिहिते आहे.

आमचं गाव डोंगरकडा. तेव्हा ते निजामाच्या राज्यात होतं. माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांचं बाजारात कापडाचं दुकान होतं. घरात आई, मी, आणि दादांच्या मोठ्या भावाच्या मागे राहिलेल्या थोरल्या काकू. निजामाच्या शाळांतून सगळं उर्दूत चालायचं आणि मुलींसाठी तर गावात काहीच नव्हतं. मामा वऱ्हाडात अकोल्याला मास्तर होते. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी मला लहानपणीच तिकडे नेलं आणि इंग्रजी शाळेत घातलं. सुट्टी लागली की मी घरी यायची. त्यामुळे माझ्या आठवणीतलं डोंगरकडा म्हणजे मुख्यतः उन्हाळा आणि दिवाळी.

आणि मिश्री. सकाळी जाग यायची तीच तिच्या वासाने. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, पातळ फडक्यातून गाळायची. तीच मिश्री. बोटावर घेऊन दातांना आणि हिरड्यांना चोळायची, मग तोंड धुवायचं. निदान सांगायला तरी असंच. खरं म्हणजे तोंड धुवायला कोणाला घाई नसायची. आई अंगणातल्या चुलीवर फुटक्या तव्यात पानं भाजायला बसली की सगळी गल्ली खोकायची आणि खोकत खोकत आमच्या मागच्या दारी जमायची. प्रत्येकीच्या कनवटीला पितळेची छोटी डबी. आईच्या हातची मिश्री गावात नावाजलेली होती. ती शेवटी दोन लवंगा टाकायची आणि पानं राख होण्याच्या जरासं आधी तवा उतरवायची. हे जरासं म्हणजे किती, हे तिला बघूनच कळायचं.

त्या बैठकीला कोणाला बंदी नव्हती. पलीकडे पिंजाऱ्याचं घर होतं. त्या घरातल्या खाला कापसाचे कण डोक्यावर घेऊनच यायच्या. बाजाराच्या दिवशी तांड्यावरची एखादी बाई डिंक विकायला आली तर तीही टेकायची आणि जाताना चिमूट घेऊन जायची. थोरल्या काकू मात्र मधे पाटावर. उष्ण काय आणि थंड काय याचा शेवटचा निकाल त्यांचा असे.

"वांगं खाल्लंस काल. तोंडावर पुटकुळी न्हाई तर काय मोती येतील?"

"वांगं न्हाई वो काकू, आंबा खाल्ला."

"आंबा तर वांग्याचा बाप हाय."

खाला लगेच म्हणायच्या, "काकू, तुम तो बोलते पानी बी गरम."

"उन्हातलं असलं तर हायेच गरम!"

सगळ्या हसायच्या. तोंडात मिश्री असल्यामुळे ओठ मिटून, नाकातून हसायच्या. त्या हसण्याचा आवाज मी दुसरीकडे कुठेच ऐकला नाही.

मी अकोल्याहून कडुनिंबाची काडी आणि दुकानातली पांढरी पावडर वापरायला शिकून आले होते. बायका मला चिडवायच्या. "काहून गं, चुना लावून राहिली का दाताला?" आई म्हणायची, "असू द्या. ती विंग्रजी दात घासती."

आता तोंड येणं म्हणजे काय ते सांगते, कारण तुमच्यापैकी धाकट्यांना हे ठाऊक नसेल. तोंडात आतून फोड आले, जीभ सोलल्यासारखी झाली, तिखट लागेना, की आपल्याकडे म्हणतात, तोंड आलं. पाहुणा यावा तसं ते येतं. चार दिवस राहतं, आणि जातं. एकोणीसशे सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात माझ्या आईचं तोंड आलं, आणि ते गेलं नाही.

मॅट्रिकची परीक्षा देऊन मी घरी आले होते. पहिल्याच दिवशी जेवताना पाहिलं, आईच्या ताटात ठेचा नाही. आमच्या घरी ठेच्याशिवाय भाकरीला कोणी हात लावायचं नाही, आणि सगळ्यांत जहाल ठेचा आईलाच लागायचा. ती भाकरी ताकात कुस्करून खात होती आणि घास एकाच गालात फिरवत होती.

"आई, ठेचा नको?"

"तोंड आलंय जरा."

"कधीपासनं?"

"झाले दिवस. उष्णता हाय अंगात."

मी म्हटलं दाखव. ती नको नको म्हणाली, मग ओट्यावर उजेडाकडे तोंड करून बसली. डाव्या गालाच्या आत, जिथे तिचं मिश्रीचं बोट रोज फिरायचं, तिथे एक पांढरट चट्टा होता. त्याच्या मधे लाल खाच, आणि कडा जाड. मी काही डॉक्टर नव्हते. पण फोड असा दिसत नाही, एवढं मला कळलं. मी तसं बोलले.

"ऐकून घ्या मायबाई," थोरल्या काकू म्हणाल्या, "आली शिकून."

मग उपाय सुरू झाले. हे मी थट्टेने लिहीत नाही. प्रत्येक उपाय कोणीतरी जीव लावून केलेला होता. जाईचा पाला चावून थुंकायचा. तुरटीच्या पाण्याची चूळ. कात आणि वेलदोडा. रोज सकाळी सब्जाचं बी. दादांनी हिंगोलीहून गुलकंदाची बरणी आणली. खाला शेळीचं दूध घेऊन यायच्या आणि आई ते पिऊन होईपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. उन्हाळा असल्यामुळे थंड उपायांना तोटा नव्हता. आई निमूटपणे सगळं घ्यायची. आणि सगळ्यांत शेवटी, पाला थुंकून झाल्यावर, चूळ भरून झाल्यावर, ती बोटावर मिश्री घेऊन अलगद त्या गालात दाबून ठेवायची.

"आई, तिथंच काहून लावतेस?"

"तिथंच दुखतं ना बाई. लावली की बधिर होतं. मग दोन घास जातात."

खरोखरच लावली की तिचा चेहरा सैल व्हायचा. मिश्री लावल्यावर ती जेवायची आणि मिश्री नसली तर जेवायची नाही. हे सगळ्या गल्लीला रोज डोळ्यांनी दिसत होतं. मला जे वाटत होतं ते कोणालाच दिसत नव्हतं.

दिवाळीपर्यंत तिला मोठा आ करता येईना. भाऊबीजेला मामा आले. आईने त्यांना ओवाळलं, आणि लाडवाचा तुकडा त्यांच्या तोंडात घालताना ते तिच्या तोंडाकडेच बघत राहिले. त्यांनी दादांना बाजूला घेतलं. दोन दिवसांनी आम्ही तिघं, मामा, आई आणि मी, अकोल्याला निघालो.

हिंगोलीहून वाशीमची मोटार मिळायची. पैनगंगेच्या अलीकडे करोडगिरीचा नाका होता, म्हणजे निजामाची जकात. तिथे सगळ्यांना उतरवून सामान उघडायला लावायचे. शिपायाने आईचं गाठोडं सोडलं आणि पितळेची डबी वर काढली.

"इसमें क्या है अम्मा? अफीम?"

"राख हाय बाबा, दात घासायची."

त्याने झाकण उघडून वास घेतला आणि अशी शिंक दिली की पगडी सरकली. "अरे, ये तो मिस्सी है! हमारी वालिदा लगाती थी." त्याने चिमूटभर तळहातावर घेतली.

आईने पदर तोंडावर धरला होता. पदराआडून तिने विचारलं, "त्यांचे दात कसे होते?"

"सब साबूत. आखिर तक."

आईने मामांना कोपराने ढोसलं. "ऐकलं का?" मोटार वाशीमला लागेपर्यंत ती खुशीत होती.

अकोल्याचे डॉक्टर वयस्कर आणि मितभाषी होते. त्यांनी आरशाच्या उजेडात बराच वेळ पाहिलं, मानेच्या गाठी चाचपल्या, हात धुतले. मी इंग्रजी शाळेत शिकले आहे हे मामांनी सांगितलं होतं. बहुधा म्हणूनच ते आमच्याशी इंग्रजीत बोलले, आई समोर बसलेली असताना. हा कॅन्सर आहे. गालातून खाली उतरू लागला आहे. इथे काही होणार नाही. मुंबईला रेडियमचा उपचार देतात, तो झाला तर लवकर व्हायला हवा, अजून आशा आहे. तंबाखू आजपासून बंद. मग ते आईकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "बरं वाटेल हं, आई." मला वाटतं, त्या खोलीत तेवढं एकच वाक्य खोटं होतं, आणि आईला कळलेलंही तेवढंच.

मामांच्या ओसरीवर आल्यावर तिने विचारलं, "काय म्हणला गं? लई बोलला."

मामा खांबाला टेकून उभे होते. ते म्हणाले, "तूच सांग."

मी सांगितलं. काहीही लपवलं नाही, हे मला तुम्हाला स्पष्ट सांगायचं आहे, कारण अशा गोष्टींत पुढे लोक म्हणतात की आजाऱ्याला सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, "आई, तो कॅन्सर म्हणाला."

"म्हंजे?"

इथे माझं शिक्षण संपलं. त्या शब्दाला आमच्या बोलण्यात शब्दच नव्हता. मी गाठ म्हटलं, वाढ म्हटलं, आतून पोखरतं म्हटलं. ती शांतपणे ऐकत राहिली, जणू मी तिला पाढे म्हणून दाखवत होते. शेवटी मला शाळेतला शब्दकोश आठवला. मी म्हटलं, "मूळ शब्दाचा अर्थ खेकडा, आई. खेकड्यासारखं धरतं आणि सोडत नाही."

तिचा चेहरा एकदम उजळला. "खेकडा? खेकडा उष्णच असतो की! म्हंजे मी म्हणते तेच म्हणला त्यो. एवढ्यासाठी अकोल्यापर्यंत आणलं मला."

मामा पाठमोरे झाले.

रेडियमचं मामांनी समजावून सांगितलं. ते चांगले मास्तर होते आणि सोपं करून सांगायची त्यांना सवय होती. ते म्हणाले, त्या धातूतून किरण निघतात, त्यांनी रोग जाळून टाकतात. जाळून हा शब्द त्यांनी वापरायला नको होता, असं मी पुढे कितीदा तरी मनात म्हटलं. पण दुसरा कुठला वापरणार? खरं तेच होतं.

"जाळतात?" आई म्हणाली. "भाऊ, उष्णतेवर जाळ? उद्या आगीत रॉकेल वतशील."

तिने मुंबई नाकारली. हट्टाने नाही, शहाणपणाने नाकारली. तिच्या सगळ्या आयुष्याचं ज्ञान त्या नकारामागे होतं. उष्णतेला थंडावा द्यायचा असतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आम्ही तिला परत डोंगरकड्याला आणलं.

मागच्या दारी बायका वाटच बघत होत्या. खालांनी विचारलं, "क्या बोल्या डाक्टर?"

आई म्हणाली, "इंग्रजी नाव हाय. पोरगी सांगंल."

"कॅन्सर," मी म्हटलं.

खाला डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहिल्या. "कनस्तर?"

"कॅन्सर, खाला."

"वईच तो. कनस्तर. पर वो तो डब्बा रहता ना, घासलेट का? मुँ में कैसा आया माँ कनस्तर?"

आईला हसू फुटलं. ओठ मिटूनही ते आवरेना. गालाला दोन्ही हातांनी धरून, डोळ्यांतून पाणी काढत ती हसत होती आणि हसताना दुखत होतं म्हणून कण्हत होती. बाकीच्याही हसल्या. तेव्हापासून त्या दुखण्याचं नाव कनस्तर पडलं. "आज कनस्तर कसं हाय?" म्हणून बायका विचारायच्या. "भरलेलं हाय," आई म्हणायची. बरं असलं तर, "अर्धं हाय."

डॉक्टरांचं एक मात्र तिने ऐकलं. मिश्री सोडली. माझ्या शब्दाखातर सोडली, नाहीतर काकूंनी सोडू दिली नसती. त्यापुढचे दिवस मला आठवतात ते तिच्या हाताचे. बोट आपोआप कनवटीला जायचं आणि तिथे डबी नसायची. पोट साफ होईना, डोकं धरायचं, आणि गालाची आग दिवसभर. जेवण तर सुटलंच. भाताची पेजही ती गिळताना डोळे मिटायची. आठ-पंधरा दिवसांत तिची कांती उतरली.

"मिश्री सोडली अन् वाढलं," काकू म्हणाल्या. त्या मला टोचून बोलत नव्हत्या. त्यांना दिसत होतं ते त्या सांगत होत्या. "एवढी वर्सं लावली तवा काही झालं न्हाई. सोडली अन् बघा."

"आधीपासनंच होतं ते, काकू."

"होतं, पण गप होतं ना?"

मी दादांकडे पाहिलं. दादा जमिनीकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या हाताला डबी लागली. कोणी दिली ते मी विचारलं नाही. त्या दिवशी ती पेजेची वाटी रिकामी करून बसली होती.

सत्तेचाळीस साल तसंच गेलं. तिकडे देश स्वतंत्र झाला, इकडे आमचं राज्य अधांतरी राहिलं. माझं पुढचं शिक्षण थांबलं, ते कोणी थांबवलं नाही, घरात करायला कोणी हवं होतं. चट्ट्याची जखम झाली, जखमेला वास येऊ लागला. बाहेरची मंडळी आली की आई पदर धरून भिंतीकडे तोंड करायची. बोलणं बोबडं झालं. मग घरातली माणसंच तिचं बोलणं इतरांना सांगू लागली. बायका मात्र यायच्या राहिल्या नाहीत. वास असूनही त्या तिच्याजवळच बसायच्या. एवढंच की आता मिश्रीचा धूर मुद्दाम जास्त करायच्या.

त्या दिवसांत गावातल्या पुरुषांच्या बोलण्यात वेगळाच दबका आवाज आला होता. कोण कोणाच्या दुकानावर बसतो हे लोक पाहू लागले होते. खाला पुढच्या दाराने येईनाशा झाल्या. मागच्या दाराने, मधल्या कुंपणाची चिलारीची काटेरी फांदी सरकवून यायच्या. अठ्ठेचाळीसच्या फाल्गुनात एका सकाळी त्या आईच्या उशाशी बसल्या होत्या. आईला रात्रभर झोप नव्हती. मी पुन्हा मुंबईचं बोलले, कितव्यांदा कोण जाणे, आणि आईने पुन्हा हाताने जाळाची खूण करून मान हलवली.

खालांनी विचारलं, "क्या बोलती?"

मी सांगितलं. उष्णतेला जाळ नको म्हणते.

खाला जरा पुढे सरकल्या. मग आईच्या पायाकडे बोट करून म्हणाल्या, "बाई, पाँव में काँटा गया तो कायसे निकालते?"

आई बघत राहिली.

"काँटे सेच ना? कपास से निकालते क्या? फूँक मारके निकालते क्या?"

आईने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बोबड्या आवाजात म्हणाली, "मग चला की."

मी उठून दादांना सांगायला दुकानाकडे पळाले. दीड वर्ष मी जे सांगत होते ते अखेर तिच्या भाषेत कोणीतरी सांगितलं होतं. मला फक्त आनंद झाला. आजही तोच आठवतो. दादांनी अर्धवट मोजलेलं कापड तसंच टाकलं आणि गिऱ्हाईकाला म्हणाले, "उद्या या."

पण आता रस्ता नव्हता. वाशीमच्या मोटारी बंद झाल्या होत्या. नाक्यापलीकडे कोणाला जाऊ देत नव्हते आणि अलीकडच्या वाटेवर रझाकारांची भीती. मामा यायला निघाले आणि वाशीमहून परत गेले, असं कोणाकडून तरी कळलं. नांदेडहून मनमाडला आगगाडी होती. दादा दोनदा नांदेडला जाऊन आले. पण त्या दिवसांत आजारी बाईमाणसाला घेऊन त्या गाडीने जा, असं सांगणारा एकही माणूस त्यांना भेटला नाही. ते परत यायचे, पायावर पाणी घ्यायचे, आणि आईच्या खाटेजवळ न जाता ओट्यावरच बसायचे.

आईने एक छोटं गाठोडं बांधून ठेवलं होतं. दोन लुगडी, एक तांब्या, डबी. ते उशाशी असायचं. कोणी दारात आलं की ती गाठोड्यावर हात ठेवायची. मोटार सुरू झाली का, हे विचारायची ती खूण होती. मी मान हलवायची. चैत्र, वैशाख, जेठ. मी मान हलवतच राहिले.

पावसाळ्याच्या तोंडावर दादांनी कळमनुरीहून सरकारी दवाखान्याचे डॉक्टर बैलगाडीतून आणले. तरुण होते, हैदराबादेत शिकलेले. त्यांनी आईच्या तोंडात जखमेवर ठेवलेलं फडकं काढलं, पाहिलं, आणि परत हळूच ठेवलं. दुखण्यावर द्यायला त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. औषधं यायचीच बंद झाली होती. बाहेर येऊन त्यांनी मला विचारलं, "क्या लगाती हैं ये?"

मी सांगितलं. मिश्री. अकोल्याच्या डॉक्टरांनी बंद करायला सांगितली होती, तेही सांगितलं. मला वाटलं रागावतील. ते चप्पल घालता घालता थांबले. म्हणाले, "लगाने दीजिए. अब उतना ही आराम है."

तेव्हापासून मिश्री मी भाजू लागले. आईला आता बसवत नव्हतं. तिची खाट अंगणाकडच्या दाराशी ओढून घेतली, म्हणजे तिला चूल दिसावी. मी तव्यावर पानं टाकायची आणि ती उशीवरून तर्जनी हलवायची: अजून, अजून, अजून. मग तळहात आडवा धरायची: बस. पहिल्या दिवशी मला धुराने दिसेना. मी तिच्या खुणेआधीच तवा उतरवला, चुरली, गाळली, आणि तिच्या गालात आपल्या बोटाने लावली. आत फार नाजूक झालं होतं. बोट कुठे टेकवावं ते कळत नव्हतं. तिने ती तशीच धरली, डोळे मिटून. थोड्या वेळाने एक डोळा उघडला.

"कच्ची," ती म्हणाली.

त्यानंतर तिचे शब्द मला कळेनासे झाले. तो शेवटचा, जो मला नीट कळला.

श्रावणाच्या अखेरीस ती गेली. सकाळची वेळ होती, गल्ली जागी झाली होती आणि चूल पेटायची होती. उशाचं गाठोडं दादांनी तिच्याबरोबर दिलं. भाद्रपदात फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं, आणि महिन्या-दीड महिन्याने वाशीमची मोटार पुन्हा सुरू झाली. पहिल्या मोटारींपैकी एकीने मामा आले. ओसरीवर बसून ते मला म्हणाले, "रस्ता आता चांगला आहे."

मला सांगायचं आहे ते मात्र तेराव्याच्या दिवसाचं. गावोगावच्या बायका आल्या होत्या. डोंगरकड्याच्या आजूबाजूच्या वाड्यांवरच्या, तांड्यावरच्या, आईच्या हातची मिश्री कधीतरी नेलेल्या. मधल्या खोलीत दाटीवाटीने बसल्या होत्या. पुसेगावकडून आलेल्या एका पाहुणीने विचारलं, "कशानं गेली हो? चांगली धडधाकट होती."

"उष्णता," थोरल्या काकू म्हणाल्या.

"तोंड आलं व्हतं ना," दुसरी म्हणाली. "दोन वर्सं."

"अंगातच उष्णता. काय करणार?"

सगळ्यांनी माना हलवल्या. सगळ्यांना पटलं. मी दाराशी बसले होते. मला शब्द माहीत होता आणि तो या खोलीत किती उपयोगाचा आहे तेही माहीत होतं.

मागच्या दाराजवळ, जरा अंग चोरून, खाला बसल्या होत्या. त्या दिवसांत त्यांनी आमच्या घरात येऊन बसणं सोपं नव्हतं. फौजा येणार म्हणून वारं फिरू लागलं होतं आणि आता भीती त्यांच्या घरी होती. त्या कोणाकडे न बघता म्हणाल्या, "गरमी नै माँ. कनस्तर था."

बायका त्यांच्याकडे वळल्या. पाहुणीने शेजारच्या दुसऱ्या पाहुणीला विचारलं, "काय म्हणती?"

"काही न्हाई. डब्ब्याचं काही तरी म्हणून राहिली."

कोणी हसलं नाही. गल्लीने ते नाव चेष्टेत रोज घेतलं होतं; पण माझ्या आईच्या रोगाचं नाव म्हणून ते घेणारं तेवढं एकच माणूस होतं, आणि पाहुण्यांना ते समजलं नाही.

मग नुसतं बसणं कोणालाच जमेना. काकूंनी कनवटीची डबी काढली, चिमूट घेतली आणि शेजारणीकडे दिली. तिने घेतली, पुढे दिली. डबी पाहुणीकडे गेली, तांड्यावरच्या बाईकडे गेली. खालांनी ती हातात धरली, झाकणाकडे पाहिलं, आणि चिमूट घेऊन पुढे सरकवली. फिरत फिरत ती दाराशी, माझ्यापर्यंत आली. हातात ऊब होती तिची, इतक्या हातांची. झाकण उघडंच होतं. रंगावरून मला कळलं, त्या घाण्यातली होती, जो मी आईच्या खुणेवर उतरवला होता. बराबर भाजलेली.

माझ्या पलीकडची बाई हात पुढे करून थांबली होती. मी डबी तिच्या हातात दिली.